सर्व्हर सांभाळणाऱ्या ग्रंथालय कर्मचाऱ्याने शिकायचे कधी आणि कोणाबरोबर?

प्रत्येक ग्रंथालयात एक माणूस असा असतो, की बारकोड स्कॅनर बोलेना, ओपॅक (वाचकांसाठीची ऑनलाइन तालिका) उघडेना किंवा प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात. त्याच्या पदाचे नाव सिस्टिम लायब्ररियन असेल, तांत्रिक साहाय्यक असेल, नाहीतर नुसते लिपिक. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात त्याला सर्व्हर कोणी शिकवलेला नसतो. तो संगणकाच्या बाजूने आलेला असेल तर मार्क या पुस्तकांच्या नोंदींच्या संगणकीय साच्यातले २४५ फील्ड म्हणजे ग्रंथनाम, हे त्याला नोकरी लागल्यावर कळते. इमारतीत त्याच्यासारखा दुसरा कोणी नसतो; शंका विचारायची तर बाहेरच्या कोणाला तरी. त्यामुळे या कामात स्वतः शिकत राहणे आणि संघटनेत वावरणे या दोन गोष्टी फारशा वेगळ्या काढता येत नाहीत.

मी सुरुवातीला सगळे उलट क्रमाने केले. दिसेल तो कोर्स, मिळेल ते प्रमाणपत्र, आणि संघटनेची वर्गणी भरून वर्षभर त्यांच्याकडून काय मिळते याची वाट बघणे. खालचा क्रम त्या चुकांतून सुलटा केलेला आहे.

पायरी १: तीन महिने अडचणींची वही

कोणताही कोर्स शोधण्याआधी एक वही करा. कागदाची असो की स्प्रेडशीट, रकाने पाचच: तारीख, काय अडले, किती वेळ गेला, कसे सुटले, कोणाला विचारले. शेवटचे दोन रकाने कंटाळा न करता भरा. तीन महिन्यांनी नोंदींचे गट पाडा आणि प्रत्येक गटात किती तास गेले ते मोजा.

मला पक्की खात्री होती की मला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला हवी. वहीने वेगळेच सांगितले. माझे सर्वांत जास्त तास जात होते ते 'पुस्तक आहे, पण शोधल्यावर सापडत नाही' या तक्रारीवर. त्यातली एक तक्रार जरा जवळून पाहू, कारण मराठी नोंदी असलेल्या कोणत्याही तालिकेत ती कधी ना कधी येणारच.

वाचकाने फोनवरून 'ॲटलास' टाइप केले. निकाल शून्य. मी माझ्या टेबलावरून टाइप केले, तर सात पुस्तके. दोघांच्या पडद्यावर शब्द डोळ्यांना एकच दिसत होता. फरक आत होता. फोनच्या कीबोर्डने 'ॲ' हे एकच अक्षर पाठवले, युनिकोड क्रमांक ०९७२. आमच्या जुन्या नोंदींत मात्र 'अ' (०९०५) आणि त्यावर चंद्राची मात्रा (०९४५) अशी दोन चिन्हे होती. ०९७२ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी केलेल्या नोंदींत ते असणारच कसे? गंमत अशी, की युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण, म्हणजे नॉर्मलायझेशन, या दोन रूपांना एक मानत नाही. ते चालवून पाहिले आणि काहीही बदलले नाही. 'दुसऱ्या'मधल्या अर्ध्या र-ची हीच कथा: कोणी नुक्त्याचा 'ऱ' वापरून ते लिहितो, कोणी साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून.

उपाय दोन टप्प्यांत झाला. आधी डेटाबेसवर क्वेरी चालवून जुनी रूपे असलेल्या नोंदी काढल्या आणि एका रूपात आणल्या. मग शोधाच्या इंडेक्समध्ये एक नियम घातला, म्हणजे वाचक कोणत्याही रूपात टाइप करो, आत एकच रूप शोधले जाईल. झेब्रा आणि इलॅस्टिकसर्च ही शोधाची इंजिने; पहिल्यात हे आयसीयूच्या (युनिकोड हाताळणाऱ्या साधनाच्या) फाइलीत करता येते, दुसऱ्यात कॅरॅक्टर फिल्टरने. या कामाला लागले काय? थोडे एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) आणि युनिकोडची नीट समज. पायथन लागला नाही.

पायरी २: एकच विषय, सहा महिने

वहीतल्या सर्वांत जाड गटातून एक विषय घ्या. एकच. बहुतेकांच्या वहीत पुढच्यांपैकी काहीतरी निघते: नोंदींची साफसफाई, अहवाल, बॅकअप आणि अपग्रेड, नाहीतर पासवर्ड आणि खाती.

साफसफाईसाठी ओपनरिफाइन आणि मार्कएडिट ही दोन मोफत साधने आधी शिका. 'रेग्युलर एक्स्प्रेशन' (मजकुरातले नमुने शोधायची चिन्हभाषा) या नावाला घाबरू नका. आठ-दहा चिन्हे आली की निम्मे काम होते. अहवालांसाठी एसक्यूएल. कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरमधल्या अहवाल विभागात फक्त वाचणाऱ्या, म्हणजे सिलेक्टने सुरू होणाऱ्या क्वेरीच चालतात, त्यामुळे तिथे शिकताना डेटा उडण्याची भीती नाही. या सगळ्यासाठी लायब्ररी कार्पेन्ट्रीचे धडे मला सर्वांत उपयोगी वाटले. २०१५ साली लंडनमध्ये सुरू झालेला हा उपक्रम ग्रंथालयातल्या माणसांसाठीच आहे. धडे मोफत आहेत आणि उदाहरणे ग्रंथालयाच्या डेटाची आहेत. विक्रीच्या आकड्यांवर एसक्यूएल शिकणे आणि देवघेवीच्या आकड्यांवर शिकणे यात फार फरक पडतो.

प्रमाणपत्राबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. बढतीच्या नियमांत लागत असेल तर जरूर घ्या. एरवी सहा महिन्यांनी वहीतला तो गट बारीक झाला का, एवढेच बघा.

पायरी ३: मोडण्यासाठी वेगळी जागा

चालू सर्व्हरवर शिकू नये, हे सगळ्यांना माहीत असते आणि तरीही सगळे तेच करतात, कारण दुसरी जागा नसते. ती करा. कपाटात पडलेला जुना संगणक चालेल, आपल्याच यंत्रावरचे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातला आभासी संगणकही चालेल. कोहा वापरत असाल तर त्या समुदायाने चाचणीसाठी उघडी ठेवलेली सँडबॉक्स नुसत्या ब्राउझरमधून वापरता येतात.

खऱ्या डेटाबेसची प्रत चाचणीच्या यंत्रावर आणणार असाल, तर ती चालू करण्याआधी दोन गोष्टी करायच्याच. सभासदांची नावे, फोन, ईमेल पुसा किंवा खोटी भरा. आणि बाहेर जाणारे ईमेल व एसएमएस बंद करा. हे विसरलात तर चाचणीचे यंत्र इमानेइतबारे सगळ्या थकबाकीदारांना पुन्हा एकदा स्मरणपत्रे पाठवते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवघेव टेबलासमोर पुस्तक कधीच परत केलेले सभासद रांगेत उभे असतात.

पायरी ४: वरिष्ठांकडे अर्ज, आधी वेळेचा

पैसे मागण्याआधी वेळ मागा. नकार देणे अवघड जाते. इथे वही पुन्हा कामाला येते: 'तांत्रिक ज्ञान अद्ययावत करण्यासाठी' असे मोघम लिहिण्यापेक्षा 'गेल्या तीन महिन्यांत सापडत नसलेल्या नोंदींच्या तक्रारींवर एवढे तास गेले, त्याचे मूळ कारण दूर करायला शिकण्यासाठी सहा महिने दर आठवड्याला चार तास हवेत' असे लिहा. शेवटी तास कमी झाले की नाही हे दाखवणारे एक पान देईन, असेही लिहा. आणि ते खरोखर द्या.

आधाराला काही हवे असेल तर इफ्लाचा, म्हणजे ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा दाखला द्या. सतत व्यावसायिक विकासाबद्दलच्या त्यांच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत संस्थेच्या अंदाजपत्रकातला किमान ०.५ ते १ टक्का भाग कर्मचाऱ्यांच्या विकासासाठी राखावा आणि कामाच्या वेळेपैकी सुमारे १० टक्के वेळ त्यासाठी द्यावा असे सुचवले आहे. आठवड्याला चाळीस तास काम असेल तर हे चार तास होतात. वरचा आकडा मी हवेतून काढलेला नाही.

मंजूर झालेला वेळ ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या टेबलावर घ्या, शक्य असल्यास तुमच्या नेहमीच्या टेबलापासून दूर. नाहीतर प्रिंटर तुम्हाला शोधत येतो.

पायरी ५: कोणत्या संघटनेत जायचे

ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत. पहिला, सगळ्या ग्रंथालयांची सर्वसाधारण संघटना. दुसरा, तिच्यातला तंत्रज्ञानाचा विभाग. तिसरा, एखाद्या सॉफ्टवेअरभोवती जमलेला समुदाय.

पहिला प्रकार जुना आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन १८७६ची, इफ्ला १९२७ची. सेवाशर्ती, पदनामे, वेतन, धोरण यांवर बोलायची ताकद त्यांच्याकडेच असते, म्हणून तिथे सभासदत्व असावे. पण तुमच्या अडलेल्या इंडेक्सचे उत्तर तिथे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. विभागांचे रूप बदलत राहते: अमेरिकन असोसिएशनमध्ये १९६६ साली स्वयंचलनासाठी निघालेला विभाग १९७८मध्ये 'लिटा' झाला आणि २०२०मध्ये आणखी दोन विभागांत मिसळून 'कोअर' झाला. त्यामुळे विभागाच्या नावापेक्षा गेल्या वर्षभरात त्याने प्रत्यक्ष काय केले ते पाहा. हाताने करून बघायच्या कार्यशाळा झाल्या का? हिशेब सभासदांपुढे ठेवला जातो का? कार्यकारिणीत प्रत्यक्ष यंत्रे सांभाळणारे कोणी आहे का, की सगळे विभागप्रमुखच? वर्गणी किती आहे हे त्यानंतर बघा.

रोजच्या कामाला सर्वांत जवळचा तिसरा प्रकार. तिथे बहुधा वर्गणी नसते. काम मात्र मागतात.

पायरी ६: पहिले छोटे योगदान

'मला प्रोग्रॅमिंग येत नाही, मी काय देणार?' हा प्रश्न मीही विचारला होता. उदाहरण म्हणून कोहाच घेतो. हे सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी १९९९मध्ये लिहायला घेतले गेले. जुनी प्रणाली २००० सालाच्या तारखेला टिकणार नव्हती. जानेवारी २०००मध्ये ते चालू झाले आणि संस्थेने ते सगळ्यांसाठी खुले केले. 'कोहा' हा माओरी शब्द आहे, अर्थ भेट किंवा देणगी.

आज त्याची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. त्यात जाणारी प्रत्येक दुरुस्ती आधी दुसऱ्या कोणीतरी चालवून बघावी लागते. लिहिणारा दुरुस्तीबरोबर चाचणीच्या पायऱ्या देतो: हे बटण दाबा, हे दिसायला हवे, दुरुस्ती लावा, आता हे दिसायला हवे. तुम्ही त्या पायऱ्या सँडबॉक्सवर करून बघायच्या आणि जमले तर 'साइन-ऑफ', म्हणजे 'चालते' असा शेरा, द्यायचा. मग ती गुणवत्ता तपासणाऱ्या गटाकडे जाते. कितीतरी दुरुस्त्या केवळ कोणी करून बघितल्या नाहीत म्हणून अडून राहतात. देवघेव रोज करणाऱ्या माणसाला देवघेवीच्या पडद्यातली चूक प्रोग्रॅमरआधी दिसते. या कामाला कोड वाचता यावा लागत नाही, धीर लागतो.

दुसरा मार्ग, बगची नोंद नीट करणे. चारच गोष्टी लिहा: कोणती आवृत्ती, मी काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले. 'सर्च चालत नाही' अशी नोंद कोणी उघडतही नाही. वरची 'ॲटलास'ची गोष्ट दोन्ही क्रमांकांसह लिहिली, तर दुसऱ्या खंडातला माणूसही ती पंधरा मिनिटांत स्वतःच्या यंत्रावर घडवून बघू शकतो. तिसरा मार्ग भाषांतराचा. पडद्यावरचे शब्द आपल्या भाषेत आणताना 'होल्ड', 'चेकआउट', 'फाइन' यांना टेबलावर आपण खरोखर काय म्हणतो ते वापरा. कोशातून उचललेला शब्द वाचकालाही कळत नाही आणि आपल्यालाही.

पायरी ७: परिषदेला जाणे

जाण्याआधी वहीतून तीन प्रश्न एका कागदावर काढा. कार्यक्रमपत्रिकेत त्या प्रश्नांच्या जवळची सत्रे खुणावून ठेवा. बाकी वेळ मोकळा. चहाच्या रांगेत 'तुमच्याकडे बॅकअप कसा घेता?' या एका प्रश्नाने जेवढे मिळते, तेवढे मला कोणत्याही बीजभाषणाने दिलेले नाही.

एका कार्यशाळेचे मी खिशातून पैसे भरले होते. उद्घाटन आणि मनोगते दुपारच्या जेवणापर्यंत चालली, प्रत्यक्ष यंत्रावर हात वीस मिनिटे, त्यातही पासवर्ड चुकीचा. तेव्हापासून नाव नोंदवण्याआधी मी आयोजकांना एवढेच विचारतो: दिवसातले किती तास सहभागी स्वतः टाइप करणार आहेत? उत्तर द्यायला वेळ लागला, की मी समजून जातो.

परतल्यावर दोन दिवसांत एक पान लिहा आणि सहकाऱ्यांना द्या: काय ऐकले, त्यातले आपल्याकडे काय लागू होईल, कोण भेटले. आठवड्याने लिहायला बसलात तर पिशवी आणि बिल्ला एवढेच आठवते.

पायरी ८: पाच मिनिटे बोला, आणि फसलेले सांगा

कोड४लिब या ग्रंथालय-तंत्रज्ञांच्या समुदायाच्या परिषदा २००६पासून होतात. तिथे मुख्य व्याख्याने लोकांच्या मतांनी निवडली जातात आणि शिवाय पाच मिनिटांची झटपट भाषणे असतात. ही दुसरी पद्धत कोणत्याही छोट्या मेळाव्यात आणता येते, आणि पहिल्यांदा बोलणाऱ्याला तीच झेपते.

माझे पहिले भाषण वीस बाइटांवर होते. आमचा बॅकअप रोज रात्री दोनला चाले. डेटाबेस डम्प व्हायचा, म्हणजे त्याची पूर्ण प्रत निघायची, ती पाइपमधून (एका आज्ञेतून निघालेले दुसरीला देणाऱ्या जोडणीतून) जीझिप या फाइल दाबणाऱ्या प्रोग्रॅमकडे जायची आणि तारखेची फाइल तयार व्हायची. मी रोज सकाळी फाइल आहे ना, एवढेच बघायचो. मधे कधीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला, पण स्क्रिप्टमधला बदलायचा राहिला. डम्प रोज फसू लागला. जीझिपला मात्र त्याच्याशी देणेघेणे नव्हते; त्याच्याकडे काहीच आले नाही आणि त्याने ते 'काहीच नाही' व्यवस्थित दाबून फाइल केली. रिकाम्या मजकुराची जीझिप फाइल वीस बाइटांची होते. पाइपमध्ये शेवटची आज्ञा यशस्वी झाली की स्क्रिप्टला सगळे ठीक वाटते, म्हणून इशाराही आला नाही. आठ महिन्यांच्या फाइली, प्रत्येकी वीस बाइट, ओळीने उभ्या. डिस्क शाबूत असताना हे लक्षात आले, हे नशीब.

भाषणात मी तीन उपाय सांगितले: स्क्रिप्टमध्ये पाइपफेलची ओळ (पाइपमधली कोणतीही आज्ञा फसली तर ते कळवणारी) घाला, फाइलचा आकार कालच्यापेक्षा अचानक कमी झाला तर ईमेल यावा, आणि महिन्यातून एकदा बॅकअप खरोखर चाचणीच्या यंत्रावर उतरवून बघा. मधल्या सुट्टीत तिघे जण येऊन हळू आवाजात म्हणाले, परत गेल्यावर आधी फाइलींचे आकार बघतो.

मोठ्या संस्थाही हे करतात. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर रॅन्समवेअरचा (डेटा अडवून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हल्ला झाला. मार्च २०२४मध्ये त्यांनी काय चुकले आणि काय शिकलो याचा अहवाल जाहीर केला. डिजिटल संग्रहाच्या प्रती त्यांच्याकडे सुरक्षित होत्या; अडले ते त्या पुन्हा उतरवायला धड यंत्रणा नसल्यामुळे. सहकाऱ्यांचा अभ्यासगट केलात, तर त्याचा पहिला महिना त्या अहवालावर घालवा.

पायरी ९: स्वतः कार्यशाळा घ्या

एका दिवसाची, एका विषयाची, वीस माणसांची. शिकवणारा एक, मदतनीस किमान दोन. नमुन्याचा डेटा आधीच पेनड्राइव्हवर ठेवा, कारण वीस जण एकदम डाउनलोड करू लागले की नेट बसते. सॉफ्टवेअर बसवण्याच्या सूचना आठवडाभर आधी पाठवा आणि तरीही निम्म्यांनी बसवलेले नसेल असे धरून पहिला अर्धा तास राखून ठेवा. कार्पेन्ट्रीवाल्यांची एक युक्ती फार कामाची आहे: प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या द्या. झाले की एक रंग संगणकाच्या पाठीवर लावायचा, अडले की दुसरा. हात वर करून 'मला जमत नाही' म्हणायला लोक लाजतात. चिठ्ठी लावायला लाजत नाहीत. सहभागींना स्वतःच्या ग्रंथालयातल्या पन्नास वाईट नोंदी घेऊन यायला सांगा. दुपारनंतर त्याच साफ करायच्या.

पायरी १०: पद घेतलेत तर

दोन-तीन वर्षे असे वावरलात की कोणीतरी पद देऊ करेल, आणि तंत्रज्ञानवाला म्हणून तुमच्या गळ्यात हमखास संकेतस्थळ पडेल. घ्या, पण मुदत विचारून घ्या. इतिवृत्त लिहायचे काम आले तर तेही नाकारू नका. कोणत्या ठरावावर कोण काय म्हणाले हे वर्षभर तुमच्याइतके कोणालाच माहीत नसते.

पहिल्याच आठवड्यात एक यादी करा: संघटनेचे डोमेन कोणाच्या नावावर आहे, त्याचे नूतनीकरण कधी आहे, स्मरणपत्र कोणत्या ईमेलवर जाते, सभासद यादी कुठे आहे, ऑनलाइन बैठकांचे खाते कोणाचे आहे. मी अशा एका संघटनेचे डोमेन हातचे जाताना पाहिले आहे. स्मरणपत्रे निवृत्त झालेल्या चिटणिसांच्या जुन्या खासगी ईमेलवर जात होती. सगळी खाती पदाच्या नावाच्या ईमेलवर घ्या, पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा आणि दोन पदाधिकाऱ्यांना त्याचा प्रवेश द्या. मुदत संपायच्या तीन महिने आधी पुढच्या माणसाला शेजारी बसवून नूतनीकरण त्याच्याच हाताने करून घ्या, आणि तो ते करत असताना कीबोर्डला हात लावू नका.